पैसा कधी येतो?

नगर जिल्ह्यातल्या गावांत गाईचाही पगार होतो. डेअरीवर दर दहा दिवसांनी दुधाचा हिशेब निघतो आणि त्याला फारसं कुणी बिल म्हणत नाही; 'पगार झाला का?' असंच विचारतात. किराणावाला उधारी त्याच तारखेला मागतो, पेंडवाला त्याच तारखेला कापून घेतो, पोरांच्या क्लासची फी त्याच पैशातून जाते. घरात कुणीही नोकरीला नसलं तरी पगाराची तारीख असते. पोराने सुपा एमआयडीसीत लागावं की घरीच आणखी दोन गाई बांधाव्यात, हा वाद इथल्या पुष्कळ घरांत चालतो. त्या वादात किती मिळतील हे सगळे विचारतात. कधी मिळतील हे विचारणारा क्वचित भेटतो, आणि माझ्या मते पारडं तिथेच झुकतं.

सरकारी कागदावर २०२४ पासून जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर आहे. बोलण्यात अजून नगर चालतं, म्हणून इथेही तेच. क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, चौदा तालुके. उत्तरेला राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी हा पाटपाण्याचा टापू. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेर हा पावसाने वर्षानुवर्षं हुलकावणी दिलेला. पश्चिमेला अकोले तालुक्याचा डोंगर, भाताचा आणि धुक्याचा. उत्तरेतल्या लोणीत जो धंदा आपोआप चालतो तो पाथर्डीत वर्षभरात बसतो. त्यामुळे 'नगरला काय टाकावं?' या प्रश्नाला एकच उत्तर देणाऱ्या माणसापासून जरा सावध राहिलेलं बरं.

दुधाचा हिशेब आधी मांडू, कारण घरचा धंदा म्हटलं की इथे पहिलं बोट गोठ्याकडेच जातं. एक संकरित गाय, दिवसाला पंधरा लिटर. २०२४ सालच्या उन्हाळ्यात दर इतके उतरले की लिटरला ४० रुपयांची मागणी घेऊन शेतकरी अकोले तालुक्यातल्या कोतूळला आंदोलनाला बसले. त्या जुलैपासून डेअऱ्यांनी ३० रुपये द्यावेत आणि वर सरकारने ५ रुपये अनुदान द्यावं, असं ठरलं. अनुदान कधी येईल ते येवो, आपण ३० धरू. रोजचे झाले ४५०. सहा किलो पेंड, ३५ रुपये किलोने २१०. हिरवा चारा, मुरघास, कडबा घरचा असला तरी त्याला किंमत आहे. तो सव्वाशेच्या आत बसत नाही. डॉक्टर, औषधं, रेतन, वीज मिळून वीस-पंचवीस. हातात उरले नव्वद-पंचाण्णव.

रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी ३१२ रुपये होती. म्हणजे या ढोबळ हिशेबाने तीन गाई मिळूनही एका माणसाची हमीवरची हजेरी पुरती भरत नाही. त्यात पहाटे पाचला उठून धार काढणाऱ्या, शेण काढणाऱ्या, ऐन दुपारी चारा कापणाऱ्या बाईची मजुरी धरलेलीच नाही. ती धरली की पुष्कळ गोठे तोट्यात निघतात, आणि म्हणूनच ती धरली जात नाही.

मग लोक गाई का सांभाळतात? कारण पैसा दहा दिवसांनी येतो. कांद्याचा पैसा भावावर, उसाचा पैसा कारखान्यावर, तुरीचा पैसा पावसावर. दुधाचा मात्र येतो, थोडा येतो, पण येतो. त्या नियमितपणासाठी शेतकरी नफ्यातला मोठा हिस्सा सोडून देतो, आणि हे तो अडाणीपणाने करत नाही.

फक्त त्या नियमिततेलाही एक भोक आहे. वेताच्या आधी दोन महिने गाय भाकड असते, गाभण राहायला उशीर झाला तर आणखी लांबते. त्या दिवसांत पेंड चालू आणि पगार बंद. पाच गाई असतील आणि त्यांची वेतं वेगवेगळ्या महिन्यांत येतील अशी राखली असतील, तर एकीचा खड्डा दुसरी भरते. दोन गाईंच्या गोठ्यात हे जमत नाही. दोन्ही एकदम आटल्या तर घर एकदम आटतं. 'आधी दोन घेऊन बघू' हा सावधपणाचा सल्ला म्हणूनच दिसतो तितका सावध नाही. २०२२ साली लंपी आला तेव्हा एका जनावरावर संसार टेकवलेल्यांना हे फार महागात समजलं.

आता दक्षिणेकडे या. पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या पट्ट्यात पैशाचं कॅलेंडर नेमकं उलटं आहे. इथे पैसा आधी येतो, काम नंतर. पावसाळा सरता सरता ऊसतोडीचा मुकादम कोयत्याला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती रक्कम एकहाती मिळते. तिच्यात पोरीचं लग्न, दवाखान्याचं देणं, घरावरचा पत्रा असं सगळं उरकतं. मग दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड गाडीत भरून ही माणसं कारखान्यावर जातात, आणि उन्हाळा लागला की परततात. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाच्या नावे. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, तरी पैशाची ही उलटी चाल बदललेली नाही.

गंमत अशी की शेतकऱ्यांनी सहकारातून उभा केलेला आशियातला पहिला साखर कारखाना म्हणून ज्याचं नाव घेतात तो याच जिल्ह्यात. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने तो प्रवरेच्या काठी, लोणीत उभा केला. पहिला हंगाम १९५०-५१ चा. उत्तरेत ऊस, दक्षिणेत कोयता, आणि मधे फक्त शे-सव्वाशे किलोमीटर.

अशा कुटुंबाला स्वयंरोजगाराच्या शिबिरात हमखास शेळीपालन सुचवतात. शेळी वाईट नाही, कमी पाण्यात जगते, अडीअडचणीला विकली जाते. पण हिशेब लावून बघा. शेळी पाच महिन्यांनी विते, करडू विकण्याजोगं व्हायला आणखी सहा-आठ महिने. पहिला पैसा यायला वर्ष उलटतं आणि तोही सुट्टा सुट्टा येतो. ज्या घराला भाद्रपदात एकरकमी लाखभर रुपये लागतात त्या घराचं गणित पाच शेळ्यांनी सुटत नाही. उचलीला पर्याय द्यायचा तर तो उचलीच्याच महिन्यात, उचलीएवढा पैसा देणारा हवा. बचत गटाचं कर्ज वेळेवर मिळालं तर काही घरं ही साखळी तोडतात. योजना आखणाऱ्यांना शेळी दिसते, भाद्रपद दिसत नाही.

तिसरं कॅलेंडर कंपनीचं. सुपा आणि नगरची नागापूर एमआयडीसी, शेजारच्या पुणे जिल्ह्यातलं रांजणगाव, नाशिककडचं सिन्नर: जिल्ह्याच्या चारी बाजूंनी पोरं सकाळच्या गाड्या पकडतात. एके काळी नगरच्या पोराला दौंड रस्त्यावरच्या किनेटिक कारखान्यात 'परमनंट' होण्याचं स्वप्न पडायचं. आता बहुतेक भरती ठेकेदारामार्फत. साधारण बारा-पंधरा हजार हातात पडतात, ओव्हरटाइम मिळाला तर वर. काही महिन्यांनी 'ब्रेक', मग दुसरा ठेकेदार, दुसरा गेटपास. पगार महिन्याच्या सात-दहा तारखेला होतो, पण पुढच्या वर्षी तो असेल की नाही हे कुणी सांगत नाही. थोडक्यात, महिना पक्का आणि वर्ष कच्चं. गोठ्यात एखादा महिना कच्चा जातो, पण वर्षाच्या शेवटी गाय दारात असते.

राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीवाल्याला महिना ६ हजार, आयटीआय-डिप्लोमावाल्याला ८ हजार, पदवीधराला १० हजार, सहा महिने. पुढे ती मुदत वाढवली. ग्रामपंचायतीत, शाळांत, कचेऱ्यांत पोरं-पोरी बसली, कामही केलं. मुदत संपली तेव्हा 'आता काय?' म्हणून राज्यभर आंदोलनं झाली. विद्यावेतनाला लोक पगार समजले, यात लोकांची चूक आहे असं मला वाटत नाही. दर महिन्याला तारखेला येणाऱ्या पैशाला दुसरं काय म्हणणार?

कंपनीच्या बाजूने एक गोष्ट अशी आहे की जी कुठल्याही मार्गदर्शन शिबिरात सांगत नाहीत. लग्न. मुलगा स्वतःच्या गोठ्यातून महिना पंचवीस हजार काढत असेल आणि दुसरा ठेकेदाराकडे चौदा हजारांवर असेल, तर मुलीकडचे दुसऱ्याला आधी पाहायला येतात. 'कंपनीत आहे' हे दोन शब्द बायोडाट्यात वजनदार ठरतात. गोठ्यात येणाऱ्या सुनेला शेण काढावं लागेल हे मुलीच्या आईला नीट माहीत असतं, आणि तिला कोण नावं ठेवणार? मोठ्या धडाडीने धंदा टाकलेली काही पोरं लग्न जमेपर्यंत कंपनीचं आयकार्ड खिशात ठेवतात. धंदा आपल्याला मानवेल का, या प्रश्नावर घरातल्या आणि अजून घरात न आलेल्या माणसांचंही मत असतं.

काही काम स्वतःचं दिसतं, पण स्वतःचं नसतं. संगमनेर, अकोले आणि नगर शहरात बायका पिढ्यानपिढ्या घरी बसून विड्या वळतात. पानं-तंबाखू कारखान्याकडून, मजुरी हजार विड्यांवर, आणि निवडताना नापास ठरलेल्या विड्यांची मजुरी गेली. जागा स्वतःची, वीज स्वतःची, पाठदुखी स्वतःची. भाव मात्र दुसऱ्याचा. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने त्यांना कामगार मानलं, आणि ते योग्यच होतं. आता मोबाइलवरून ऑर्डर घेऊन डिलिव्हरी करणाऱ्या, कंपनीसाठी घरी पॅकिंग करणाऱ्या पोरा-पोरींनी या विडीवाल्या मावश्यांकडे एकदा नीट बघावं. भाव कोण ठरवतं, माल नाकारायचा अधिकार कुणाचा, हे दोन प्रश्न विचारले की आपण धंदेवाले आहोत की विनाछत्राचे कामगार, ते लगेच कळतं.

गिऱ्हाईक एकच असणं हा असाच एक छुपा मालक. शिर्डीच्या आसपास कितीतरी शेतकऱ्यांनी गुलाब लावला, कारण रोजचं गिऱ्हाईक म्हणजे साक्षात साईबाबा. मंदिरात वाहायचे हार, फुलं, प्रसाद यांवर दुकानं उभी राहिली. कोरोनात मंदिर बंद झालं, पुढे उघडलं, पण हार-फुलं नेण्यावरची बंदी राहिली. ती २०२४ च्या अखेरीस, न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर उठली. मधली वर्षं गुलाबवाल्यांनी कशी काढली असतील याचा विचार करा. त्यांचं पीक चांगलं होतं, कष्ट कमी नव्हते, २०१७ मध्ये विमानतळ झाल्याने गावात माणसंही वाढली होती. एका निर्णयाने दार बंद झालं. ज्यांची निम्मी फुलं नाशिक-पुण्याच्या बाजारातही जात होती ते तगले.

आता कर्ज. इथे जरा थांबावं लागेल, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच खात्यावर जमा आहेत. केंद्राचा पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम २००८ पासून आहे, राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९ पासून. दोन्हींची पहिली पायरी जिल्हा उद्योग केंद्र. केंद्राच्या योजनेत ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला प्रकल्पाच्या २५ टक्के, महिला, मागास प्रवर्ग, माजी सैनिक अशांना ३५ टक्के अनुदान. गावात याचा अर्थ असा लावतात की दहा लाखांचा प्रकल्प दाखवला की साडेतीन लाख सुटले. सुटत नाहीत. ते अनुदान बँकेत तुमच्या नावाने तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं, त्या रकमेवर व्याज लागत नाही एवढंच. आणि तीन वर्षं धंदा खरोखर चालू असल्याची पाहणी झाल्यावर ते कर्जात वळतं होतं. हातात काही येत नाही. उलट स्वतःचे पाच ते दहा टक्के आधी घालावे लागतात. अण्णासाहेब पाटील महामंडळाच्या व्याज परताव्याचंही तसंच: हप्ता आधी तुम्ही भरायचा, परतावा मागाहून. सगळ्या योजनांत पैसा उशिरा येतो, हप्ता मात्र पहिल्या तारखेला हजर.

पाच लाख रुपये, अकरा टक्के व्याज, पाच वर्षं. महिन्याचा हप्ता पडतो साधारण १०,९०० रुपये. हा आकडा घेऊन पुन्हा वरच्या कॅलेंडरांकडे जा. तुमचा धंदा दहा दिवसांनी पैसा देत असेल तर हप्ता भागेल. वर्षातून दोनदा देत असेल तर तोच धंदा, तोच नफा, पण मधल्या चार महिन्यांत खातं थकीत होईल आणि सिबिल बिघडेल. मग लोक पतसंस्थेकडे किंवा सावकाराकडे वळतात. मुद्रा कर्जाची योजना २०१५ साली आली. पन्नास हजारांपर्यंतच्या शिशु गटाला तारण लागत नाही हे खरं, पण परतफेडीची तारीख तिथेही असतेच. बँकेत द्यायच्या प्रकल्प अहवालात वर्षाचा नफा मांडतात आणि एजंट तो छान मांडून देतो. महिन्यागणिक आवक-जावक मांडायचं काम मात्र घरीच करावं लागतं, आणि खरं तर तेवढंच एक पान कामाचं.

पैसा ठेवायचा कुठे, हाही धंद्याचाच भाग. १९१० साली सुरू झालेल्या नगर अर्बन बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ४ ऑक्टोबर २०२३ रोजी रद्द केला. पाच लाखांपर्यंतच्या ठेवींना विम्याचं कवच होतं, त्यापुढच्या रकमेला नाही. कापडबाजारातल्या जुन्या दुकानदारांनाही पिढीजात ओळखीची बँक हाच भरवसा वाटायचा. खेळतं भांडवल एकाच खात्यात ठेवू नये, हे त्या वर्षी नगरकर शिकले.

मग काम शोधायचं कुठे? मला एक जुनी युक्ती पटते. आपल्या गावातून कोणत्या कामासाठी पैसा तालुक्याला जातो, ते महिनाभर बघावं. प्रत्येक गावात ई-सेवा केंद्र आहे, तीन मोबाइलवाले आहेत, ब्युटी पार्लर आहे आणि बचत गटाला वाटलेल्या शिलाई मशीनवर कपड्यांचा ढीग आहे. पण विहिरीवरची मोटर जळाली की रिवाइंडिंगला ती पिकअपमध्ये घालून न्यावी लागते. दूध काढायचं यंत्र बिघडलं तर माणूस दोन दिवसांनी येतो, आणि तोवर हाताने धारा. सौर पंप गावोगाव बसले, दुरुस्तीवाला कुठे आहे? ठिबकच्या फिल्टरचं, फवारणी पंपाचं, मुरघासाच्या कुट्टी मशीनचं तेच. अशा कामात पैसा लगेच मिळतो, कारण अडलेला शेतकरी उधारी मागत नाही. शिकायला फार लांब जावं लागत नाही. लीड बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था जिल्ह्याजिल्ह्यात आहे. कल्पना मूळ कर्नाटकातल्या उजिरेची, १९८२ ची. राहणं-जेवण धरून प्रशिक्षण मोफत असतं. लोहार, सुतार, कुंभार, शिंपी अशा अठरा प्रकारच्या कारागिरांसाठी विश्वकर्मा योजनेत २०२३ पासून अवजारांना १५ हजार आणि पाच टक्क्यांनी कर्ज मिळतं.

हिवरेबाजारचं उदाहरण न देता नगरच्या रोजगारावर लिहिलं तर वाचक रागावतील, आणि दिलं तर 'पुन्हा तेच' म्हणतील. तरी एक गोष्ट सांगतोच. नगरपासून जवळचं हे गाव. गावातली माणसं मुंबई-पुण्याकडे निघून जात होती. पोपटराव पवार १९८९ च्या सुमारास सरपंच झाले, पाणलोटाची कामं झाली, शेतीसाठी बोअरवेल बंद, ऊस-केळी बंद, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद. गेलेली कुटुंबं परत आली. दिवसाला शे-दीडशे लिटर दूध असलेलं गाव काही हजार लिटरवर गेलं. यात कुणा एकाला धंद्याची अक्कल सुचली असं झालेलं नाही. आधी चारा झाला, मग गाय परवडली, मग माणूस थांबला. पाणी नसलेल्या गावात आज जो गोठा टाकतोय, तो टँकरच्या भरवशावर टाकतोय, हे त्याने लिहून ठेवावं.

आणि तिकडे भंडारदऱ्याला तंबूवाले आहेत. १९२६ साली पूर्ण झालेलं विल्सन धरण, वर रतनवाडी, साम्रद, घाटघर. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे चमकतात आणि मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. पोरांनी तंबू घेतले, वाटाडे झाले, घरातल्या बायका पिठलं-भाकरी करतात. चार शनिवार-रविवारांत जे मिळतं त्याने कंपनीत गेलेल्या भावाला लाज वाटावी. मग मुसळधार पाऊस, आवणी, आणि आठवड्यातले पाच दिवस शुकशुकाट. त्यातले जे टिकलेत ते तंबूवाले म्हणून टिकलेले नाहीत. ते जुलैत भात लावतात, हिवाळ्यात गिर्यारोहकांना सांधण दरीत उतरवतात, अधेमधे सिन्नरला हजेरीवर जातात. ज्यांनी जूनचा गल्ला बघून कर्जावर काँक्रीटच्या खोल्या बांधल्या, त्यांचा हप्ता नोव्हेंबरातही येतो.

तेव्हा धंदा टाकायच्या आधी तो मोडायचा कसा, हेही ठरवून ठेवावं. मोडायला जड असेल तर तो फार जपून टाकावा. गाय लोणीच्या किंवा काष्टीच्या बाजारात विकली जाते. दोन लाखांचा गोठा जागचा हलत नाही. पिकअपला जुन्या बाजारात गिऱ्हाईक आहे, तंबू दुसऱ्या गावचा पोरगा घेऊन जातो. हॉटेलच्या फरशा, गाळ्याची पगडी, दुकानाचं फर्निचर यांचं काही परत येत नाही. राहाता-संगमनेरकडे अनुदानावर उभी राहिलेली पॉलिहाउसं जाता-येता दिसतात. कागद काही वर्षांनी फाटतो, नवा घालायला पुन्हा लाखो रुपये लागतात. ज्यांच्या फुलाचा भाव त्या दरम्यान पडला, त्यांच्या शेतात नुसता पाइपांचा सांगाडा उभा आहे, आणि भंगारवाला त्याचा भाव किलोवर सांगतो.